कल्याण बंदर आणि परदेशचा व्यापारी

व्यापारासाठीं परदेशीं निघणाऱ्यानें आधीं काय जाणून घ्यावें? आगगाडीनें ठाण्याहून कल्याणास जातांना मुंब्र्याजवळ उल्हासची खाडी दृष्टीस पडली, आणि आम्हांस एका जुन्या ग्रंथाचें स्मरण झालें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांतील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' लिहिला. कोणत्या बंदरीं काय विकावें, काय घ्यावें, कोणत्या महिन्यांत निघावें, हें सारें त्यांत आहे. कल्याणविषयीं मात्र तो मालाची यादी देत नाहीं, इशारा देतो. पूर्वीच्या राजवटींत येथें रीतसर पेठ होती. पुढें सत्ता पालटली, आणि चुकून येथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यानिशीं भडोचास नेलीं जाऊं लागलीं!

तरी कल्याण कायमचें बुडालें नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकर व्यापाऱ्यांच्या दानाचे शिलालेख आहेत. सहाव्या शतकांतील कॉस्मस हा प्रवासी येथील पितळ, लांकूड व कापड यांचा उल्लेख करितो.

मालाचा भाव कोणीहि सांगेल. बंदरावर सध्यां हुकूम कोणाचा चालतो, हें मात्र निघण्यापूर्वींच विचारावें. त्या अनामिक व्यापाऱ्याची ही शिकवण परदेशीं निघालेल्या घरच्या मुलासहि आम्ही आवर्जून सांगूं.