आजोबांची खोली

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. आजोबांना कॅन्सर झाला होता. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार झाले, पण आजार हटेना. शेवटी डॉक्टर बाबांना म्हणाले, "आजार आता बरा होणार नाही, पण त्यांचं दुखणं नक्की कमी करता येईल." आम्ही तोवर फक्त पहिलंच वाक्य धरून बसलो होतो.

बाबा वांद्र्याचं शांती आवेदना सदन पाहून आले. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. बरे न होणाऱ्या रुग्णांची तिथे शेवटपर्यंत मायेनं शुश्रूषा होते, तीही विनामूल्य. अशा कामाची वाट दाखवली ती लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. आधी परिचारिका, मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये तिथे हॉस्पिस उघडलं. दुखायची वाट न पाहता घड्याळ लावून औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह.

आजोबा म्हणाले, "जागा चांगलीच असेल रे, पण मला आपला वाशिष्ठीचा वारा हवा."

"मग इथंच करू सगळं," आजी म्हणाली.

आम्ही चिपळूणच्या घरातच तयारी केली. खाट खिडकीशी आणली. उशाशी पूजेतली घंटा ठेवली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आई-बाबा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत. आजी ओल्या कापसानं ओठ टिपी.

मी मात्र उंबरठ्यावरूनच परत फिरायचो. भीती वाटायची. आजोबांनी ते ओळखलं असावं. एकदा हाक मारून म्हणाले, "मला घड्याळ दिसत नाही. औषधाच्या वेळा तू सांभाळायच्यास."

मी वही केली. आठ, बारा, चार, आठ. औषध दिलं की खूण. हळूहळू खूण केल्यावरही मी तिथंच बसू लागलो. आजोबा गोवळकोटच्या बंदरातल्या गलबतांच्या गोष्टी सांगत.

श्रावणातल्या एका पहाटे ते शांतपणे गेले. वहीत शेवटची खूण रात्री आठची आहे.

मुलांनो, घरात कुणी फार आजारी असेल तर दारातून परत फिरू नका. आत जा. एखादं छोटंसं काम मागून घ्या.