तारीख

बाप तारखेला गेला की त्या दिवसाचा रोज बुडायचा. दोन एकराचा तुकडा, सातबारा बापाच्या नावाचा. तरी गावच्या मोठ्या घराने दावा ठोकला. हातात कागद एक नाही, पण वकील धुळ्यातला नामांकित. ‘जमीन आपली शे, मंग ही तारीख कसानी?’ बाप विचारायचा. सात वर्षांनी त्यांनी दावा काढून घेतला. बुडालेला रोज कोण देणार?

मी जळगावला डाळमिलमध्ये पोती उचलतो. पाळी सुटली की कायद्याचं पुस्तक चाळतो. दिवाणी संहितेत कलम ३५-अ आहे. दावा खोटा निघाला, काढून घेतला, तरी भरपाई मागता येते. पण खोटेपणाची हरकत आधीच नोंदवलेली लागते. बापाला हे कुणी सांगितलंच नाही. आणि भरपाई तरी किती? साध्या दाव्यात फार तर ३००० रुपये, तेही पक्षकाराकडून. वकील मोकळा. त्याच्यासाठी १९६१ चा कायदा: बार कौन्सिलकडे तक्रार करा, गैरवर्तन शाबीत झालं तर सनद जाऊ शकते.

दोस्तहो, चवदार तळ्याचा दावा आठवा. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी तो बाबासाहेबांवर घातला. १९३१ ला महाडात हरले, १९३३ ला ठाण्यात, १९३७ ला हायकोर्टात. घोटभर पाण्यासाठी नऊ वर्षं!

त्याच १९३७ च्या ३१ जुलैला कोर्टाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरसाल आपण तिथं जमतो, गाणी म्हणतो. आता एक वहीबी नेऊ. दावा कुणाचा, वकील कोण, तारखा किती, रोज किती बुडाला, सारं मांडू. अर्ज आपणच लिहू.

पहिलं पान माझ्या बापाचं.