कोवळ्या दाण्याचे दिवस

परभणीची थंडी कोरडी आणि कडक असते. डिसेंबर लागला की कृषी विद्यापीठात नोंदलेलं तापमान रोज सकाळी पेपरात येतं आणि चहा पिता पिता ते घरात मोठ्यानं वाचलं जातं. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की मला बरं वाटतं. ही थंडी हरभऱ्याला लागते, गव्हाला लागते, आणि आम्हालाही लागते. कारण पुण्या-मुंबईकडं, हैदराबादेत पांगलेलं घर याच दिवसांत एका छताखाली येतं.

आमच्या लहानपणी हिवाळ्यात अशी सुट्टी नसे. दिवाळी सरली की एकदम उन्हाळा. आता भावंडांच्या लेकरांना नाताळची सुट्टी असते. पहाटेच्या गाडीनं ती परभणीच्या फलाटावर उतरतात, कानटोप्यांतून नुसते डोळे दिसतात, आणि घरी आल्या आल्या चुलीवर तापलेल्या पाण्याभोवती गर्दी होते. ही सुट्टी कुणी शेताकडं बघून ठरवलेली नाही. तरी ती नेमकी अशा वेळी येते, जेव्हा काळ्या रानातलं सगळं कोवळं असतं.

सुरुवात तुरीच्या शेंगांनी होते. संध्याकाळी मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडायला ठेवल्या की त्यांचा हिरवट, मातकट वास घरभर फिरतो. चाळणीत उपसून पातेलं मधोमध ठेवलं की कुणाला बोलवावं लागत नाही. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे आत, टरफल बाहेर. टरफलांचा ढीग वाढत जातो तशा गप्पाही. कुणाचं लग्न ठरलं, कापूस कितीनं गेला, कोणत्या आत्याचे गुडघे धरलेत, हे सगळं त्या ढिगाभोवतीच कळतं.

दुपारी माळवदावर ऊन खात बसायचं. समोर ढाळ्याच्या पेंड्या. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब बोटांना लागते, ओठांना झोंबते, आणि घाटे सोलता सोलता नखं हिरवी होतात. त्यातलेच थोडे ढाळे काडीकचऱ्याच्या जाळावर भाजले की त्याचा हावळा होतो. शेजारी बोरांची वाटी आणि तिखटमीठ. तीन-चार तास असे जातात आणि कुणालाही काही केल्यासारखं वाटत नाही, तरी सगळ्यांची पोटं भरलेली असतात.

पण या दिवसांचा राजा हुरडाच. रब्बीची जवारी पावसाळा ओसरताना पेरतात आणि ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसात आधी दूध भरतं, मग ते घट्ट व्हायला लागतं. त्या टप्प्यावर दाण्यात साखर असते. पुढं तिचं पीठ होतं, दाणा टणक होतो आणि भाकरीच्या कामाचा ठरतो. या दोन्हींमधला काळ म्हणजे हुरडा. एका वावरात तो जेमतेम आठ-दहा दिवस असतो. गुळभेंडी, सुरती ही त्यासाठी नावाजलेली जुनी वाणं. परभणीच्या विद्यापीठानंही खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे वाण काढलं आहे.

वावरात वीतभर खोल खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या की आगटी तयार. जाळ बसला, निखारा फुलला, की कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायची. दाणे चटचट वाजू लागले की काढायची. पुढचं काम हाताचं. कणीस गरम असतानाच चोळावं लागतं. निवलं की दाणा बोंड सोडत नाही. आमच्या घरात हे काम मोठ्या काकूचं. ती कणीस झटकून राख उडवते, दोन्ही तळव्यांत धरून एकदाच जोर देते आणि दाणे सुपात सांडतात. सूप दोनदा हलतं, फोलपटं वाऱ्यावर जातात, खाली राहतो हिरवागार, वाफाळता हुरडा. पहिली मूठ कायम सगळ्यांत धाकट्या लेकराच्या हातावर. मग कुणी लसणाची चटणी घेतो, कुणी शेंगदाण्याची, कुणी दही, कुणी गुळाचा खडा. काकूला विचारावं, “तुम्ही कधी खाणार?” तर ती पुढचं कणीस उचलत म्हणते, “तुमी खावा, मला वासानंच पोट भरतंय.”

याच सुमारास येळवस येते. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या 2024 साली 30 डिसेंबरला आली होती, म्हणजे ऐन सुट्टीत. लातूर-धाराशिवकडं तिचा थाट मोठा, पण आमच्याकडंही, विशेषतः गंगाखेड, सोनपेठच्या बाजूला, त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि वावरं भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबिल. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात, आणि तोही आढेवेढे न घेता बसतो.

या सगळ्यात मोठ्या खर्चाचं काही नाही. तरी पैसे असले म्हणून ते परगावी हजर करता येत नाही. हुरडा वाळवून ठेवतात, डब्यात भरून पाठवतातही, आणि त्याची उसळ चांगलीच लागते. पण आगटीवरची चव डब्यातून जात नाही. ती खायला त्या आठवड्यात, त्या वावरात, चोळणाऱ्या हातासमोर बसावं लागतं. मला वाटतं, आपल्या माणसांना एकत्र आणण्याची ताकद या चवींत आहे ती याचमुळे. दिवाळीचा लाडू महिनाभर वाट बघतो. कोवळा दाणा कुणासाठी थांबत नाही. म्हणून त्याच्यासाठी माणसं रजा टाकतात.

आणि म्हणूनच काळजी वाटते. जवारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत, कणसात दूध भरलं की पाखरं तुटून पडतात, आणि सोयाबीन काढून हरभरा पेरणं शेतकऱ्याला सोपं जातं. पाणी असेल तिथं ऊस. त्याचा हिशोब बरोबर आहे, त्याला दोष देणार नाही. पण गावाकडं ज्यांचं अजून वावर आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कडेला हुरड्यापुरते चार तास गुळभेंडीचे ठेवा. बाजारासाठी नको, घरासाठी ठेवा. नाताळच्या सुट्टीची तिकिटं आपण मोबाईलवर काढतो, पण त्या सुट्टीचं बियाणं हस्त नक्षत्रातच मातीत पडलेलं असावं लागतं.