बेडकाचा डोळा

मोठ्या प्राण्यांचे छायाचित्र काढायला पैसा लागतो. लहान प्राण्यांचे काढायला गुडघे लागतात. हे ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर आंबोलीच्या चिखलात झाले. वाघासाठी जीप असते, आणि वाघ दिसलाच नाही तर घरी येऊन सांगायला एक गोष्ट तरी असते. बेडकासाठी माणसाला स्वतःच बेडूक व्हावे लागते. पोटावर पडायचे, कोपरे चिखलात रोवायची आणि श्वास धरायचा.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, घाटमाथ्यावरची. तिथे पावसाळ्यात पाऊस पडतो असे म्हणणे म्हणजे समुद्रात पाणी असते असे म्हणण्यासारखे आहे! जुलैतल्या एका रात्री आम्ही सातजण कपाळाला विजेऱ्या बांधून गावातल्या एका तरुण वाटाड्यामागून निघालो. दिवसा धबधब्यापाशी भजी खाणारी गर्दी केव्हाच पांगली होती आणि आता खऱ्या रहिवाशांची वर्दळ सुरू झाली होती. एका फांदीला मलबारी चापडा वेटोळे घालून बसला होता. तो विषारी, म्हणून त्याला आम्ही लांबूनच नमस्कार केला. पुढे कातळावर जेमतेम दीड इंचाचा एक भेक दिसला. ही जात निराळी आहे हे शास्त्रज्ञांनी २००९ साली जगाला सांगितले. आंबोलीच्या आसपासचा मुलूख सोडला तर हा प्राणी कुठे नाही. कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. डबके आटले की संसार आटला.

त्याच्यापुढे मी आडवा झालो. इतक्या जवळून पाहताना कॅमेऱ्याची नजर फार कोती होते. डोळा स्पष्ट आला तर नाक धूसर, नाक साधले तर डोळा गेला. मिलिमीटरभराचा सारा हिशेब! अशा वेळी भिंगाशी खटपट करू नये. आपणच तसूभर पुढे-मागे झुलावे आणि डोळा लख्ख दिसला की कळ दाबावी. ओल्या कातडीवर फ्लॅशचा उजेड काचेसारखा चमकतो, म्हणून त्यापुढे दुधी प्लॅस्टिकचा तुकडा धरावा. आणि हात लावू नये. बेडकाची जात कातडीतूनही श्वास घेते. आपल्या हाताला फासलेले डासांचे मलम तिला बाधते. भिंगातून मला त्याची सोनेरी बाहुली दिसली. इतका वेळ माझ्याकडे टक लावून, कंटाळा न करता, वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेले नाही.

ओढ्याच्या वळणावर एका झुडपाला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. उडत्या बेडकाचे ते घरटे. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते, त्यात अंडी घालते आणि आजूबाजूची पाने त्याला चिकटवते. आमच्यातल्या एका गृहस्थांकडे सर्वांत मोठा कॅमेरा होता. पुढचे एक पान त्यांच्या चित्राच्या आड येत होते. त्यांनी पिशवीतून छोटी कात्री काढली आणि दुसऱ्या हाताने फांदी आपल्याकडे, काठाकडे, ओढली.

“सायबांनू, फांदी सोडा,” वाटाड्या म्हणाला. रात्रभरात तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. “खाली पाणी आसा, म्हणान ती हंयसर अंडी घालतत.”

तेव्हा मी विजेरी खाली वळवली. गोळ्याच्या बरोबर खाली हातभर रुंदीचे डबके होते. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की फेस विरघळतो आणि ती थेंबासारखी खाली पडतात. फांदी वीतभर सरकली तर ती पाण्यात न पडता दगडावर पडणार. आड आलेले ते पान म्हणजे घरट्याची भिंतच होती.

गृहस्थ क्षणभर घुटमळले. त्यांनी ही वाट पैसे मोजून धरली होती, आणि वाटाड्याच्या पोटाचा प्रश्न आमच्यासारख्यांवरच अवलंबून. तरी तो पोरगा फांदीपाशी उभा राहिला तो हललाच नाही. अखेर त्यांनी कात्री पिशवीत टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पलीकडच्या दगडांत उतरले.

मीही जागेवरूनच कळ दाबली. माझ्या फोटोत निम्मे पान आहे आणि पानामागे निम्मा फेस. घरी धाकटीने तो पाहिला आणि म्हणाली, “बाबा, हे पान मध्येच आलंय. बाजूला का नाही केलंत?”

फराळाचे ताट सरकवून मी तिला खालच्या डबक्याची गोष्ट सांगायला बसलो.