तिकिटं किती काढायची?

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीची जेवणं आणि जपमाळ आटोपून आम्ही दोघं नवरा-बायको कॅलेंडर, वही आणि मोबाईल घेऊन बसलो होतो. विषय एकच, मुलांना इमॅजिकाला कधी न्यायचं?

हा शब्द आम्ही त्यांना तीन वर्षांपूर्वी दिला होता. आगमनकाळ सुरू झाला की आमच्या घराला घर राहत नाही. गोठा, कॅरल, धर्मशिक्षणाच्या मुलांचं नाटक, वाचकांच्या याद्या. दर नाताळात आम्ही "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचो. त्या वर्षी आमची बारा वर्षांची थोरली शांतपणे म्हणाली, "चर्चच्या मुलांना दिलेला शब्द तुम्ही पाळता." एवढंच बोलली आणि अभ्यासाला बसली. आम्हाला ते फार लागलं.

धाकटा सात वर्षांचा. मोठ्या राईडना उंचीची अट असते हे त्याला मित्रांकडून कळलेलं. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून तो दर रविवारी डोक्यावर पेन्सिलीची रेघ ओढून घ्यायचा.

तर त्या रात्री आठवडा मांडला. 25 ला बुधवार, प्रश्नच नाही. 26 आणि 27 ला बेळगावात काँग्रेसच्या 1924 च्या अधिवेशनाच्या शताब्दीचा कार्यक्रम होता. महात्मा गांधी अध्यक्ष होते ते हेच एकमेव अधिवेशन, त्यामुळे शहरभर रोषणाई आणि कमानी, आणि रस्त्यावर गर्दीच गर्दी. रविवारी, 29 ला, पवित्र कुटुंबाचा सण. शिवाय त्याच दिवशी जगभरच्या कॅथेड्रलांमध्ये जुबिली वर्षाचा शुभारंभ करायचा, असं पोप फ्रान्सिस यांनी ठरवून दिलं होतं. 31 ला रात्री आभारप्रदर्शनाची मिस्सा. उरला सोमवार, 30 तारीख. रविवारी मिस्सेनंतर निघायचं, रात्री पुण्यात नातेवाइकांकडे राहायचं, सोमवारी पहाटे खोपोली गाठायची, मंगळवारी संध्याकाळपर्यंत परत. कागलच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं आणि सुट्टीच्या आठवड्यात तिकिटं महाग, हे सगळं माहीत असूनही आम्ही वहीत हिशेब मांडला. प्रवास, जेवण, चार तिकिटं.

थोरलीनं वहीत डोकावून पाहिलं. "चार कशी? आपण पाच आहोत ना?"

आम्ही म्हणालो, "आजी त्या झोपाळ्यात बसणार आहे का? ती घर सांभाळेल."

"तिला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. आजी बाजूच्याच खोलीत होती. सगळं ऐकत असणार. हाक मारल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "मला काही नको बाबा. पोरांना न्या. तीन वर्षं झाली, वाट बघताहेत." मग जाता जाता म्हणाली, "जमलं असतं तर सायबाचं दर्शन तेवढं घेतलं असतं. पुढचं आता 2034 ला."

सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी त्यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन सर्वांसाठी खुलं होतं. त्या वर्षी ते 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत होतं. आमच्या धर्मग्रामाची बसही जाऊन आली होती. त्या बसची यादी आम्हीच केली होती! प्रत्येक घरी विचारून, पन्नास नावं आमच्या हातानं लिहिली. आमच्याच घरातल्या शहात्तर वर्षांच्या म्हातारीला मात्र विचारायचं राहिलं. नंतर तिच्या प्रार्थनापुस्तकात वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं. बॉम जेझस बासिलिकेतून अवशेष सी कॅथेड्रलमध्ये नेतानाचा तो फोटो होता.

त्या रात्री झोप आली नाही. पैसे एकाच प्रवासाचे होते, दिवसही एकच. मुलांना दिलेला शब्द चौथ्यांदा मोडायचा, की दहा वर्षांनी येणारी आजीची संधी घालवायची? अखेर सकाळी मुलांना जवळ बसवून खरं ते सांगितलं. थोरलीनं मान हलवली. धाकटा रडला, चांगला तासभर रडला. त्याला "चर्चसाठी त्याग कर बाळा" असं आम्ही म्हणालो नाही. चूक आमची होती. तिच्या किमतीला भक्तीचं नाव देणं बरोबर दिसलं नाही. कॅलेंडर काढलं, मे महिन्यातली एक तारीख ठरवली आणि तिच्याभोवती त्याच्याच हातानं लाल गोल काढून घेतला.

26 च्या रात्री डॉ. मनमोहन सिंग यांचं निधन झालं. 27 चे कार्यक्रम रद्द झाले आणि गजबजलेलं शहर एकदम गप्प झालं. रविवारी मिस्सेत शुभवर्तमान आलं ते लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं, बारा वर्षांच्या येशूचं. धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा शिकवलेला उतारा. त्या दिवशी मात्र तो आमच्याच घरातला वाटला. वल्हांडणाचा सण, गर्दीचा आठवडा, सगळं कुटुंब प्रवासाला निघालेलं. नाझरेथहून यरुशलेम म्हणजे साधारण इथून जुनं गोवं, तेही पायी. योसेफ आणि मरिया निष्काळजी नव्हते. त्यांनी फक्त गृहीत धरलं की मुलगा सोबतच्या लोकांत असेल. तेवढ्यावर एक दिवसाची वाट चालून झाली, आणि मग शोधायला तीन दिवस गेले.

माणूस हरवायला ते घर सोडून जावं लागत नाही, बंधुभगिनींनो. आजी आमच्याच घरात, बाजूच्याच खोलीत हरवली होती. पवित्र कुटुंबाचं मोठेपण एवढंच नाही की त्यांच्याकडून कुणी हरवलं नाही. लक्षात येताच ते मागे फिरले, हे मोठेपण.

सोमवारी पहाटे चोर्ला घाटातून आम्ही पाचही जण जुन्या गोव्याला गेलो. रांग लांब होती. धाकटा आजीचा हात धरून उभा होता. मध्येच म्हणाला, "इमॅजिकातपण अशीच रांग असते म्हणे." आजी खळखळून हसली. काचेच्या पेटीसमोर तिला काही क्षणच मिळाले. तिनं काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर ती नातवाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

मे महिन्यात शब्द पाळला. मधला वार निवडला, गेट उघडायच्या आधी पोहोचलो आणि चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवलं. तिकिटं पाच काढली. आजी सावलीत पिशव्या सांभाळत बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लेकरांना हात करत राहिली. दारावरची रेघ तोवर बोटभर वर सरकली होती. एका राईडला ती पुरली, दुसऱ्या एका राईडला नाही. लूकचा तो उतारा शेवटी सांगतो की येशू नाझरेथला परतला आणि वाढत गेला. आमच्या घरातलं वाढणं आम्ही त्या दारावर वाचतो.

यंदा पवित्र कुटुंबाचा सण 28 डिसेंबरला आहे. तुमच्याकडेही या आठवड्याचे बेत चालले असतील. कुणी गोव्याला, कुणी बंगळूरच्या वंडरलाला, कुणी नुसतं माहेरी. जरूर जा. आनंद करणं हीही देवाची देणगीच आहे. फक्त तिकिटं काढण्याआधी घरातली माणसं एकदा मोजा, आणि जे "मला काही नको" म्हणतात त्यांना दुसऱ्यांदा विचारा.

हे प्रभू येशू, सेवेच्या धावपळीत आमच्या घरचंच माणूस मागे राहिलं, तर ते आमच्या लवकर लक्षात आणून दे आणि मागे फिरण्याची कृपा दे. आमेन.