शनिवारवाड्यातील हाक

रविवार पेठेत पिढीजात व्यापार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना त्यांच्या नातवाने एके सकाळी विचारले, "दादाजी, शनिवारवाड्यात खरेच भूत आहे का?" नातू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. मित्रांनी मिळून पौर्णिमेच्या रात्री वाड्यापाशी बसायचे आणि काय ते एकदाचे शोधून काढायचे, असे ठरले होते. दादाजींनी खातेवहीतून मान वर न करता उत्तर दिले, "जाऊन पाहा. पाहिल्यावाचून नोंद करू नये."

संध्याकाळनंतर वाडा बंद असतो. म्हणून मंडळी दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात मोबाइल, तापमापक आणि भेळेच्या पुड्या घेऊन बसली. तापमापकाने काहीच विशेष दाखवले नाही. वटवाघळे उडाली, कुत्री भुंकली. मात्र मध्यरात्रीच्या सुमारास ध्वनिमुद्रणात एक स्पष्ट हाक उमटली: "काका!" मुलांच्या अंगावर काटा आला. घरी येऊन आवाज वाढवून पुन्हा ऐकले, तेव्हा पुढचा शब्दही सापडला. कोणी प्रवासी रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला विचारत होता, "काका, स्वारगेट?"

घरात हशा पिकला. आपल्याकडे रिक्षावाला काका, दूधवाला काका आणि शेजारचा अनोळखी माणूसही काकाच. अशा शहरात रात्रभर कान लावून बसणाऱ्याला ही हाक ऐकू आली नसती, तरच नवल होते.

दादाजीही हसले. परंतु पुढच्या रविवारी ते स्वतः नातवाबरोबर वाड्यात गेले. मुलांचा तपास चुकीच्या टोकाकडून सुरू झाला, असे त्यांना वाटत होते. भूत पौर्णिमेच्या रात्री शोधायचे, पण ज्या घटनेचे भूत म्हणायचे ती तर भर दुपारची!

तिकीट काढून दोघे आत शिरले. आत पाहण्यासारखे आता जोतीच उरली आहेत. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी या वाड्याची पायाभरणी केली आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये झाल्याचे सांगतात. हा आकडा दादाजींना फार आवडे; वरचे दहा रुपयेसुद्धा कोणी तरी लिहून ठेवले, याचे त्यांना कौतुक. पुढे फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली, कित्येक दिवस धुमसत राहिली आणि लाकडी महाल जळून गेले. ज्या दालनांत नारायणराव धावले, त्या दालनांना आज भिंत नाही, छप्पर नाही. हाक घुमायची तरी कशात?

एका जोत्याच्या कडेला बसून दादाजींनी नातवाला ती दुपार सांगितली. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे वाडा उत्सवाच्या गडबडीत. थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर धाकट्या नारायणरावांकडे पेशवाई येऊन वर्षही झाले नव्हते. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी आत घुसले. नारायणराव जीव घेऊन काकांकडे पळाले, त्यांना बिलगले आणि तिथेच मारले गेले. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी अंगावर आडवा पडला, त्यालाही तोडले. आणखी काही माणसे, त्यांत दासीही, त्या दुपारी मेल्या. त्यांची हाक मात्र पौर्णिमेला कोणालाच ऐकू येत नाही. भुताच्या गोष्टीलाही थोरामोठ्यांचीच आवड असते म्हणायचे.

"आणि ते 'ध' चा 'मा'?" नातवाने विचारले.

पत्रात 'धरावे' असे होते, ते आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही गोष्ट मराठीत इतकी रुळली की तिचा वाक्प्रचारच झाला. दादाजींना तिच्याविषयी व्यापाऱ्याची शंका होती. कागदावरचे एक अक्षर फिरले की सगळा दोष त्या अक्षराच्या माथी जातो, आणि ज्यांनी मूळ कागद लिहिला, पोहोचवला, वाचून गप्प बसले, ते सारे सुटतात. पुतण्याला 'धरावे' एवढेच लिहिणारा काका तरी कुठे निर्दोष होता?

या वाड्याचा खरा तपास एकानेच केला, ते म्हणाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. वाड्यात रघुनाथरावांची सत्ता, बाहेर गारद्यांच्या नंग्या तलवारी, आणि ज्याची चौकशी करायची तोच धनी. रामशास्त्र्यांनी माणसे विचारली, जबान्या जुळवल्या आणि बोट थेट रघुनाथरावांकडे दाखवले. या पापाला देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याचे परंपरा सांगते. मग पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. कारभाऱ्यांनी रघुनाथरावांविरुद्ध उभे राहून नारायणरावांच्या मुलाच्या नावाने राज्य चालवले, तेव्हा ते परत आले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि १७८३ मध्ये कोपरगावी वारले. देहान्त प्रायश्चित्त काही झाले नाही.

नातू हिशोब करत होता. "म्हणजे नारायणराव माझ्याच वयाचे?"

"नुकतीच अठरा पुरी झाली होती," दादाजी म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांचे थोरले बंधू वारले, तेव्हा बंधूंचा मुलगा अठराच वर्षांचा होता. भागीदारीचा करार नव्याने करावा लागला. पोराचे शिक्षण चालू आहे, नाव पुढे चढवू, असे ठरले. त्या करारात कोणी एक अक्षरही फिरवले नाही. नाव चढवायचे राहून गेले, इतकेच. पहिल्या वर्षी माल अडकला होता, दुसऱ्या वर्षी घरात लग्न होते, नंतर विषय काढणे अवघड होत गेले. पुतण्याने चिंचवडला स्वतःचे लहानसे दुकान टाकले. दर पाडव्याला तो येतो, पाया पडतो, काकूंच्या हातचे खाऊन जातो. बावीस वर्षांत त्याने एकदाही काही विचारलेले नाही. त्याच्या या न विचारण्याची दादाजींना जितकी भीती वाटे, तितकी कोणत्याही भांडणाची वाटली नसती.

परतताना नातवाने नारायण दरवाजा दाखवला. नारायणरावांचा देह तिथूनच बाहेर नेला, असे सांगतात. दादाजी क्षणभर थांबले आणि पुढे निघाले.

दुसऱ्या दिवशी पेढीवर येताच त्यांनी मुनीमजींना बावीस वर्षांपूर्वीचा करार काढायला सांगितला. "कोणाला दाखवायचा आहे?" मुनीमजींनी विचारले. "मलाच पाहायचा आहे." कागद आला. चष्मा लावून त्यांनी तो शेवटच्या सहीपर्यंत वाचला, बंधूंचा हिस्सा किती होता तो आकडा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवला आणि तेव्हापासूनचे नफ्याचे ताळेबंद मागवले. मुनीमजी काही न बोलता वह्या आणू लागले.

दुपारी नातू डबा घेऊन आला, तेव्हा दादाजी टेलिफोन कानाला लावून उभे होते. पलीकडे घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग आवाज आला, "बोला, काका."