बर्लिन शहराची धांवती प्रदक्षिणा

परदेशांतील एखादें शहर थोडक्यांत पाहावयाचें तर दुमजली मोटारीच्या माथ्यावर बसावें आणि कानाला यंत्र लावावें, ही रूढ रीत. अलीकडे कित्येक मोठ्या शहरांतून दुसराही एक प्रकार निघाला आहे. वाटाड्या पुढें धांवतो, पाहुणे मागून धांवतात, आणि प्रेक्षणीय स्थळ आलें कीं सर्वजण दम खात माहिती ऐकतात. आम्ही उभयतां बर्लिनला गेलों असतां आम्हीं या प्रकाराचा अनुभव घेतला. पन्नाशी उलटलेल्यांनीं भर रस्त्यांत धांवावें हें घरच्या वडील मंडळींस रुचलें नसतें. परंतु आमचा वेग सकाळच्या झपाझप चालण्याहून फारसा अधिक नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ऑगस्टांतील रविवार होता. दहा वाजले तरी वर्दळ बेताचीच होती. स्प्रे नदीच्या बेटावरील संग्रहालयांपाशीं आमची वाटाडी उभी होती. तिशीची, हंसतमुख मुलगी. तेथून 'उंटर डेन लिंडेन' या वृक्षराजींच्या राजरस्त्यानें पश्चिमेकडे निघालों. पहिला मुक्काम 'नॉये वाखे' ही जुनी पहाऱ्याची चौकी. आंत मृत पुत्राला कुशींत घेतलेली माता, एवढी एकच मूर्ति. मूळ शिल्प कॅथे कोलविट्झ या बाईंचें. त्यांचा धाकटा मुलगा १९१४ सालीं युद्धांत पडला. वरच्या छताला मोठें वर्तुळाकार भोंक आहे, त्यामुळें पाऊस व बर्फ थेट त्या मातेच्या अंगावर पडतें. धांवून आलेल्या मंडळींचे श्वास तेथें फार मोठ्यानें ऐकूं येत होते.

शेजारींच विद्यापीठ आहे. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२८ सालीं बर्लिनला आल्या व याच विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतल्या. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमता हा त्यांचा विषय. गुरूंचा ओढा वंशभेदाच्या सिद्धान्ताकडे. बाईंच्या मोजमापांनीं त्यास दुजोरा दिला नाहीं. विद्यापीठासमोरील चौकांत १० मे १९३३ रोजीं ग्रंथांची होळी झाली. आतां तेथें फरशींत एक कांच बसविली आहे. खालीं वांकून पाहिलें कीं पांढरीं, रिकामीं फडताळें दिसतात. वीस हजार पुस्तकें मावतील इतकीं, असें सांगतात. मोटारीच्या माथ्यावरून ही कांच दिसणें शक्य नाहीं.

पुढें ब्रांडेनबुर्गचें प्रसिद्ध द्वार. त्याचें वर्णन इतक्यांनीं केलें आहे कीं आम्ही तें सोडून देतों. द्वारांतून पलीकडे जाऊन कांहीं पावलें टाकलीं तोंच वाटाडीनें हात वर केला. "खालीं पाहा," ती म्हणाली. रस्त्यांत दगडांची एक दुहेरी ओळ बसविली होती. आमच्यांतील अर्धे तिच्या अलीकडे, अर्धे पलीकडे उभे होते. बर्लिनची भिंत होती ती येथें.

१३ ऑगस्ट १९६१ च्या रात्रीं, लोक झोंपेंत असतां, पूर्वेच्या सरकारनें तारांचीं कुंपणें घालण्यास आरंभ केला. मग भिंत आली. पश्चिम बर्लिनभोंवतीं तिचा वेढा सुमारें १५५ किलोमीटर होता. वाटाडीची आजी पूर्वेस राहिली आणि आजीची सख्खी बहीण पश्चिमेस. दोन्ही भागांतील टेलिफोन तर १९५२ सालींच तोडलेले. १९६३ च्या नाताळांत परवाने मिळाले तेव्हां पश्चिमेकडील बहीण भेटीस आली. १९७२ नंतर तिचें येणें सुलभ झालें. परंतु आजीला मात्र तिच्या घरीं जातां येईना. नातें सख्खें, आणि जाणें-येणें एकाच बाजूचें!

यहुदी लोकांच्या हत्येच्या स्मारकाशीं २७११ करडे शिलाखंड आहेत. "येथें धांवावयाचें नाहीं," असें वाटाडीनें बजावलें. आम्ही एकेकट्यानें, मुकाट्यानें चालत बाहेर पडलों. पॉट्सडामर चौकाशीं पाणी पिण्यापुरतें थांबून झिमरस्ट्रासे नांवाच्या रस्त्यावर आलों. पेटर फेख्टर या अठरा वर्षांच्या गवंडी मुलाचा स्मृतिस्तंभ तेथें आहे. १७ ऑगस्ट १९६२ रोजीं भिंत ओलांडतांना त्यास गोळी लागली. जवळजवळ तासभर तो दोन्हींकडील लोकांच्या देखत रक्त सांडीत पडला होता.

पूर्वेकडील सामान्य माणसास पश्चिमेस जाण्याची मुभा १९६४ पासून निवृत्तिवेतनाच्या वयाला मिळे; स्त्रियांचें तें वय साठ. वाटाडीची आजी, इतर बायका वय चोरतात त्या काळांत, म्हातारी होण्याची वाट पाहत बसली होती. १९८९ च्या मार्चांत तिला साठ पूर्ण झालीं. ती रीतसर परवाना घेऊन बहिणीकडे गेली व तिनें प्रथमच तिचें स्वयंपाकघर पाहिलें. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली.

दोन्हीं घरांमधील अंतर किती, असें आम्हीं विचारलें. "आज आपण धांवलों तेवढेंच असेल, पांचेक किलोमीटर," ती म्हणाली, आणि घड्याळ पाहून पुढच्या तुकडीकडे धांवत निघून गेली.